परदेशी विद्यापीठाची फी बडोद्याहून भरताना रक्कम कमी का पोहोचते?

आपल्या मुलाला इंग्लंडमधील विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, फी बडोद्याहून कशी भरावी आणि या पद्धतीत काय सुधारायला हवे, असे आपण विचारले आहे. 2023 मध्ये माझ्या मुलीच्या वेळी आम्ही यातून गेलो, म्हणून अनुभवाचे सांगते.

पहिल्या हप्त्याचे 8,000 पौंड आम्ही घराजवळच्या बँकेतून पाठवले. ए-2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पॅन आणि फीचे पत्र दिले, सह्या केल्या आणि निश्चिंत झालो. आठवड्याने मुलीचा फोन आला, "आई, इथे 7,978 पौंडच जमा दिसताहेत आणि बाकी मिटल्याशिवाय नोंदणी पूर्ण होणार नाही म्हणतात." बावीस पौंड पुन्हा पाठवायचे तर खर्चच जवळजवळ तेवढा, शेवटी तिने ते फॉरेक्स कार्डावरून (परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डावरून) भरले.

बँकेकडून स्विफ्ट संदेशाची, म्हणजे एका बँकेने दुसऱ्या बँकेला पैसे देण्याबद्दल पाठवलेल्या संदेशाची, प्रत मागितली, तेव्हा उलगडा झाला. खर्च कोणी सोसायचा, त्या रकान्यात 'एसएचए' लिहिले होते. म्हणजे आपल्या बँकेचा खर्च आपण द्यायचा आणि वाटेतली मध्यस्थ बँक आपला खर्च रकमेतूनच कापून घेणार. तिथे 'ओयूआर' लिहून घेतले असते, तर सगळा खर्च आधीच आमच्याकडून घेतला जाऊन बहुधा पूर्ण रक्कम पोहोचली असती. त्याहून वाईट म्हणजे, संदर्भाच्या ज्या रकान्यात तेव्हा 35 अक्षरांच्या चार ओळी मावत होत्या, तिथे मुलीचा विद्यार्थी क्रमांक नव्हताच, फक्त 'फी' एवढाच शब्द होता. पाठवणाऱ्याचे नाव यजमानांचे, त्यामुळे हे पैसे कोणाचे हे विद्यापीठाला चार दिवस कळले नाही. तेव्हा आपण फॉर्मवर खर्चाचा पर्याय आणि विद्यार्थी क्रमांक या दोन्ही गोष्टी स्वतः लिहा आणि पैसे जाण्यापूर्वी कारकुनाकडून वाचून घ्या.

सुधारणा इथेच हवी आहे, असे माझे ठाम मत आहे. विद्यापीठाने फीच्या पत्रातच संदर्भाचा नेमका मजकूर छापावा आणि वीस-पंचवीस पौंडांची तूट नोंदणी न अडवता पुढच्या हप्त्यात धरावी. बँकेनेही खर्चाचा पर्याय ग्राहकाला विचारूनच भरावा.

बरीच विद्यापीठे फ्लायवायरसारख्या ऑनलाइन फी भरण्याच्या सेवेतून रुपयांत फी भरू देतात. त्यात विद्यापीठाला पूर्ण रक्कम मिळते आणि पैसे कुठे आहेत ते दिसते, मात्र पॅन आणि कागदपत्रे त्यातही लागतात. सेवा निवडताना पाठवण्याच्या शुल्कापेक्षा पौंडाचा दर पाहा, कारण एका पौंडामागे एक रुपया जास्त गेला, तरी 8,000 पौंडांवर 8,000 रुपये जातात. बँकेचा आणि अशा सेवेचा दर एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात विचारा. सकाळचा आणि संध्याकाळचा दर ताडून काही कळत नाही.

टीसीएसबद्दल, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते त्या आयकराबद्दल, थोडक्यात सांगते. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर पाठवता येतात. 1 एप्रिल 2025 पासून 10 लाख रुपयांपर्यंत टीसीएस लागत नाही (पूर्वी ही मर्यादा 7 लाख होती) आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून भरलेल्या फीवर तो मुळीच नाही. ही 10 लाखांची मर्यादा पॅनप्रमाणे मोजली जाते, म्हणून एक हप्ता आपल्या आणि एक आपल्या यजमानांच्या किंवा पत्नीच्या खात्यातून पाठवता येतो. त्यापुढे कापलेला टीसीएस बुडत नाही, तो आयकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक करनोंदीत दिसतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पण परतावा येईपर्यंत तेवढी रक्कम अडकते, ती हिशेबात धरा. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, तो त्या वर्षीचा पाहून घ्या.

पैसे निघाल्यावर स्विफ्ट संदेशाची प्रत त्याच दिवशी मागा आणि मुलाला पाठवा. दुसऱ्या हप्त्याला आम्ही असेच केले; मुलीने ती प्रत फी विभागाला ईमेल केली आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण रकमेची पावती आली.