क्लोन परफ्यूम आणि महागडा ओरिजिनल, फरक कळतो का? (स्कूटरवर मागे बसणारीचं उत्तर)

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात लग्न आहे, क्रीड कंपनीचा ॲव्हेंटस हा परफ्यूम घ्यायचा मोह होतोय पण किंमत तीस हजारांच्या घरात, आणि मित्र म्हणतोय त्याचा क्लोन (म्हणजे त्याच वासाची स्वस्त नक्कल), अरमाफ कंपनीचा क्लब द नुई इंटेन्स घे, अडीच-तीन हजारात सेम टू सेम, तर खरं काय.

आधीच सांगते, यातलं एकही मी स्वतः लावत नाही. लावतो माझा नवरा, आणि मी ॲक्टिव्हावर मागे बसते, इंदूरच्या रामबागेतून विजयनगरपर्यंत, म्हणजे सिग्नल धरून अर्धा-पाऊण तास रोज त्याच्या कॉलरपासून वीतभर अंतरावर. माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर मागे बसणाऱ्यानेच द्यावं, कारण लावणाऱ्याचं नाक दहा-पंधरा मिनिटांत त्या वासाला सरावतं आणि मग तो बिचारा उगाच "उडून गेला, उडून गेला" करत आणखी चार फवारे मारतो आणि इकडे माझं डोकं धरतं.

तर झालं असं की दिवाळीत माझ्या नणंदेचे मिस्टर पुण्याहून आले, त्यांच्याकडे खरा ॲव्हेंटस (भेट मिळालाय, मी घेतला नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं). आमच्याकडे क्लब द नुई होताच. मग फराळ बाजूला ठेवून ह्यांच्या एका मनगटावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा मारला, कुठला कुठे ते मला आणि सासूबाईंना सांगायचं नाही असं ठरलं. पहिली पाच मिनिटं काही विचारूच नका, जमीन-अस्मानाचा फरक. सासूबाईंनी डावा हात हुंगला आणि म्हणाल्या, "हा भांडी घासायच्या लिंबाच्या साबणाचा," आणि उजवा हुंगून म्हणाल्या, "हा अननसाचा शिरा." बाईंनी आयुष्यात कधी परफ्यूम लावला नाही पण अगदी बरोबर पकडलं, त्या क्लोनची सुरुवात खरंच लिंबाची आणि अंगावर येणारी आहे, आणि ओरिजिनलमधलं फळ रसाळ वाटतं. पण तीन तासांनी आम्ही छप्पनला (इथली खाऊगल्ली) जाऊन परत आलो, तोवर डावं-उजवं डोक्यातून गेलं होतं, आणि मी पुन्हा दोन्ही मनगटं हुंगून छातीठोक सांगितलं की हा ओरिजिनल. तो क्लोन निघाला. दोन्हीकडे तोच धुरकट, जळक्या लाकडासारखा वास उरला होता, आणि दुसऱ्या दिवशी धुवायच्या शर्टाच्या बाहीला जो ठसठशीत येत होता तो स्वस्तवाल्याचाच होता.

म्हणजे तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. दुकानात कागदी पट्टीवर हुंगून निर्णय घ्याल तर ओरिजिनल जिंकणार, कारण पैसा तिथेच, पहिल्या अर्ध्या तासात जाणवतो. लग्नात मात्र तुम्हाला भेटणारी माणसं तुमच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला भेटणार आहेत.

मी केमिस्ट्री शिकवते त्यामुळे थोडं मास्तरकीचं. क्लोन करणारे ओरिजिनल बाटली आणून गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या मशीनमधून काढतात, त्यातून कुठला रेणू किती आहे याची यादी बऱ्यापैकी मिळते. बहुतेक कृत्रिम रेणू बाजारात कोणालाही विकत मिळतात, म्हणून जो परफ्यूम मुळातच थोड्या पण दणदणीत कृत्रिम रेणूंवर उभा आहे त्याची नक्कल सोपी. उदाहरण बाकारा रूज ५४०, फ्रान्सिस कुर्कजियांचा, २०१५ चा. त्यातला गोडवा बराचसा एथिल माल्टॉलचा, म्हणजे जत्रेतल्या बुढ्ढी के बालचा वास, आणि त्याला ॲम्ब्रोक्सनसारख्या रेणूंची जोड. म्हणूनच त्याच्या नकला गल्लोगल्ली आहेत आणि बऱ्याच खरोखर जवळ जातात. २०१५ च्याच डिओर सोवाजचंही तेच, ॲम्ब्रोक्सन भरपूर. हा ॲम्ब्रोक्सन पूर्वीच्या अंबरची, म्हणजे व्हेल माशाच्या पोटातून येणाऱ्या पदार्थाची जागा घेतो आणि तो क्लॅरी सेज नावाच्या झाडापासून बनवता येतो, तेव्हा महागड्या बाटलीतसुद्धा बहुधा व्हेल वगैरे काही नसतो हे लक्षात ठेवा.

अडतं कुठे, तर नैसर्गिक तेलांवर. गुलाबाचं एक किलो तेल काढायला साधारण साडेतीन-चार टन पाकळ्या लागतात, आणि त्यात शेकडो घटक. गंमत म्हणजे गुलाब हा गुलाब वाटतो त्यात मोठा हात डॅमॅस्केनोन नावाच्या रेणूचा, जो तेलात एक टक्काही नसतो. स्वस्तात बनवणारा मोठे चार-पाच घटक उचलतो आणि असले बारीक बारीक सोडून देतो, मग वास सपाट होतो, पहिल्या मिनिटाला जो तोच चार तासांनी. शिवाय जिवोदान, सिमराइज, आयएफएफ असल्या सुगंधी रसायनं बनवणाऱ्या कंपन्या काही नवे रेणू सुरुवातीला बाहेर विकतच नाहीत, स्वतःच्याच कामासाठी राखून ठेवतात, मशीनमध्ये दिसला तरी आणणार कुठून. म्हणून फुलांचे, विशेषतः गुलाब-मोगऱ्याचे परफ्यूम असतील तर क्लोनच्या नादी लागू नका, त्यापेक्षा राजवाड्याच्या मागे अत्तरवाले काका आहेत त्यांच्याकडून साधं मोगऱ्याचं अत्तर घ्या, ते कोणाची नक्कल करत नाही. (त्यांच्याकडे "क्रीड टाइप, बिलकुल वैसा ही" पण मिळतं, तेलातलं. पण त्यात अल्कोहोल नसल्यामुळे वास अंगालगत राहतो, हवेत उठत नाही. ऑफिसला छान, लग्नाच्या हॉलमध्ये कोणाला कळणार नाही.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलंच नाहीये. क्लोन वेगळा आणि बनावट वेगळा. क्लोन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डब्यात येतो. नुसत्या वासावर हक्क सांगणं कंपन्यांना अवघड जातं, फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वासाला कॉपीराइट नाकारला होता. "फर्स्ट कॉपी" म्हणून जे मिळतं त्यावर मात्र क्रीडचंच नाव, क्रीडचाच डबा, आणि आत काय आहे देव जाणे. आमच्या भाच्याने एका दुकानातून "ड्यूटी फ्रीचा माल" म्हणून निम्म्या किमतीत घेतला, वीस मिनिटांत वास गायब आणि मानेवर लाल चट्टे आठवडाभर. म्हणून अर्ध्या किमतीतला ओरिजिनल दिसला की सरळ पुढे चालायला लागा, तीन हजारांचा प्रामाणिक क्लोन त्याच्यापेक्षा शंभर पटीने बरा.

क्लोन घेऊन बाटली महिनाभर अंधारात ठेवली की मुरतो असं सगळे सांगतात. आम्ही दोन महिने कपाटात ठेवली, लिंबू जरा नरमला असं वाटलं खरं, पण तोवर माझंच नाक लोणच्यासारखं मुरलं होतं, त्यामुळे माझी साक्ष धरू नका.

हिशोब करून बघा. एक फवारा साधारण ०.१ मिली. शंभर मिलीचे तीस हजार धरले तर फवारा ३० रुपयांना पडतो, म्हणजे प्रत्येक फवाऱ्याला एक प्लेट पोहे जिरावनसकट (पोह्यांवरचा इंदुरी मसाला). क्लोनचा तीन रुपयांच्या आत. रोज चार-पाच फवारे मारणाऱ्या माणसाने रोज पाच प्लेट पोहे कॉलरवर उडवावेत का, हे ज्याचं त्याने ठरवावं, मी तर ह्यांना उडवू देणार नाही.

तुमच्या जागी मी असते तर पूर्ण बाटली घेतली नसती. ओळखीतल्या भरवशाच्या माणसाकडून ओरिजिनलचे ५-१० मिली काढून घ्या, दहा मिलीत शंभर फवारे होतात, लग्न, रिसेप्शन, पाचपरतावन सगळं निघेल. रोजच्याला क्लोन. आणि हो, घेण्याआधी दोन्ही लावून घरच्या कोणाला तरी तीन तासांनी हुंगायला सांगा, शक्यतो होणाऱ्या बायकोलाच, कारण पुढची चाळीस वर्षं मागे तीच बसणार आहे. मनगटं एकमेकांवर घासू नका. आणि मे महिन्यात बाटली गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नका, ४२ डिग्रीत आमची एक अशीच गेली, उघडली तर सासूबाईंचा भांड्याचा साबण सुद्धा त्याच्यापेक्षा बरा होता.