हॉर्न गप्प झालाय? आधी रिलेची ‘टक’ ऐका

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सावंतवाडीहून आंबोली घाटातनं सारखं जाणं-येणं असतं. पावसात काही दिवस हॉर्न घोगरा वाजत होता, सर्दी झाल्यासारखा, आणि आता साफ बंद. फ्यूज काढून बघितला, चांगला दिसतोय. इलेक्ट्रिशियन म्हणतो आतली क्लॉक स्प्रिंग गेली, स्टिअरिंग खोलावं लागेल, सात-आठ हजार धरून चाला. पण स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं चालतायत, एअरबॅगचा दिवा पण लागलेला नाही. दुकानदार म्हणतो प्रेशर हॉर्नच टाका. काय करू?

उत्तर : आधी एक करा, स्टिअरिंगला कुणाला हात लावू देऊ नका. क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगखालची गुंडाळलेली पट्टी, तिच्यातनंच हॉर्न, ती बटणं आणि एअरबॅग सगळ्यांच्या तारा जातात. ती तुटली की बहुतेक वेळा एअरबॅगचा दिवा लागतो, बटणं मरतात, किंवा स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की हॉर्न वाजतो आणि दुसरीकडे नाही असं होतं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, आणि पट्टी गेल्यावर हॉर्न घोगरा होत नाही हो, तो वाजतो नाहीतर वाजत नाही. घोगरा झाला म्हणजे माझा संशय सरळ पुढच्या जाळीमागच्या हॉर्नवर, पाणी गेलंय.

खात्री करायची तर चावी ऑन, इंजिन बंद, घरातल्या कुणाला तरी हॉर्न दाबायला बसवा आणि तुम्ही बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधल्या हॉर्नच्या रिलेवर (बटण दाबलं की हॉर्नला करंट सोडणारा डबीसारखा छोटा स्विच) बोट ठेवा (झाकणावर नकाशा असतो). बोटाला ‘टक’ लागली तर स्टिअरिंगपासून रिलेपर्यंत सगळं ठीक, फॉल्ट त्याच्या पुढे. टक नाहीच आली तर शेजारचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघा, तरी नाही तर मग तुमच्या इलेक्ट्रिशियनचं ऐकायला हरकत नाही, पण एअरबॅग असलेलं स्टिअरिंग बॅटरीची निगेटिव्ह काढून, काही मिनिटं थांबूनच खोलायचं, आणि ते घरी करायचं काम नाही. काही नव्या गाड्यांत रिले सर्किट बोर्डावरच असतो, हाताला लागत नाही, तिथे ही युक्ती चालणार नाही. आणि फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून पास करू नका, टेस्ट लॅम्प (करंट आहे का बघायचा छोटा दिवा) दोन्ही टोकांना लावा, बारीक चीर दिसत नाही.

टक आली की हॉर्नचा कनेक्टर काढा. कोकणात बहुतेक तिथे हिरवट-पांढरी पूड दिसते, सँडपेपरने पिना घासा. मग कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावून हॉर्न दाबायला सांगा. इथे एक गंमत आहे, बारीक टेस्ट लॅम्प गंजलेल्या तारेवरही लख्ख पेटतो कारण तो करंटच कितीसा खातो, म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन तारा लावून वापरा, तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, हॉर्न तर त्याहून जास्तच घेतो. बल्ब मंद पेटला तर वायर किंवा रिलेचे पॉइंट (आत एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे) बघा. जोरात पेटला तर कनेक्टर परत लावा आणि हॉर्नच्या अर्थिंगपासून (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह बाजू) बॅटरीच्या निगेटिव्हला एक जादा तार धरा. वाजला तर अर्थिंगच गंजलंय, ब्रॅकेटचा बोल्ट काढून घासून घट्ट केला की झालं. (एकतारी हॉर्न तर बॉडीतूनच अर्थ घेतो.)

तरीही गप्प असेल तर हॉर्नच बदला. मागचा स्क्रू थोडा फिरवून, हलकं ठोकून तो जागा होतो हे खरंय, पण पाणी गेलेल्या हॉर्नच्या आतले पॉइंट जळलेले असतात, परत बसणार, आणि नेमका घाटातल्या वळणावर. तेवढ्याच अँपिअरचा कंपनीसारखा घ्या, तोंड खाली करून बसवा म्हणजे पाणी साचणार नाही. वॉशिंगवाल्याला पण सांगा, जाळीत प्रेशर मारू नको म्हणून.

प्रेशर हॉर्नचं नाव काढू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११९ प्रमाणे कर्कश किंवा वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न लावताच येत नाही, वर जुन्या वायरिंगवर तो जोडला की वायर तापते ती वेगळीच.

प्रश्न : माझं उलटं आहे, रात्री पार्किंगमध्ये हॉर्न आपोआप सुरू झाला आणि थांबेचना. सगळी सोसायटी खाली!

उत्तर : अशा वेळी पहिल्यांदा हॉर्नचा रिले उपटा. थांबला तर रिलेचे पॉइंट चिकटलेत किंवा स्टिअरिंगच्या बाजूला शॉर्ट आहे. रिले बदलून बघा, नव्यानेही वाजत राहिला तर स्टिअरिंगवरचं हॉर्नचं पॅड आत दबलंय नाहीतर तिथली तार बॉडीला लागतेय, दुरुस्त होईपर्यंत रिले काढूनच पार्क करा. रिले उपटूनही हॉर्न थांबलाच नाही तर फ्यूज काढा, आणि वायरिंग बघून घ्या.