डावणी आणि भुरी : कूळ वेगळं, औषध वेगळं

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं आहे : ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षावर डावणी हा रोग आला, हेक्झाकोनॅझोलच्या दोन फवारण्या घेतल्या, तरी पानामागची पांढरी बुरशी हटत नाही. औषध बोगस होतं का? दिंडोरीचा प्रश्न असा : जुन्या पुस्तकात द्राक्षावरच्या भुरी रोगाच्या बुरशीचं शास्त्रीय नाव अनसिन्युला, नव्या अहवालात एरिसायफी. मग औषध बदलायचं का?

आधी निफाडचं. औषध अस्सल असलं तरी डावणीवर ते चालणारच नाही. डावणीला आपण बुरशी म्हणतो, पण तिचा डीएनए तपासला तर ती खऱ्या बुरशींच्या कुळात बसत नाही. तिचं नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी जास्त जवळचं. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, डावणीच्या भित्तीत मुख्यतः सेल्युलोज. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही ट्रायझोल गटातली औषधं एर्गोस्टेरॉल हा बुरशीच्या पेशीला लागणारा घटक बनणं थांबवतात. डावणी ते बनवतच नाही, मग थांबवणार काय? तिच्यासाठी डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपॅमिड यांसारखी, सेल्युलोज भित्तीवर घाव घालणारी औषधं हवीत, सोबत मँकोझेब किंवा ताम्रयुक्त अशी आंतरप्रवाही नसलेली, म्हणजे पानाच्या आत न शिरणारी औषधं. फवारणीचा पैसा चुकीच्या कुळावर गेला की बागेतले मोलाचे दिवसही जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

बागेत उभं राहून ओळखायचं तर सकाळी पान उलटा. वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्या मागे कापसासारखी पांढरी वाढ असेल तर डावणी. राखेसारखी भुकटी असेल आणि बोटाने पुसली जात असेल तर भुरी. डावणीला पान ओलं लागतं, भुरीला नाही.

दिंडोरीकरांनी निश्चिंत राहावं. भुरीच्या फळपिंडांवरच्या (बीजाणू धरणाऱ्या बारीक गोळ्यांवरच्या) आकड्यासारख्या टोकांवरून पूर्वी अनसिन्युला हा गट वेगळा धरत. २००० च्या सुमारास डीएनएच्या अभ्यासातून तो एरिसायफीतच मोडतो हे दिसलं. नाव बदललं, बुरशी तीच. गंधक आणि ट्रायझोल गट पूर्वीसारखेच वापरा.

मात्र एक जनुकीय बदल गांभीर्याने घ्या. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनसारख्या स्ट्रोबिल्युरीन औषधांचा मारा सायटोक्रोम-बी या प्रथिनावर असतो. त्यातला १४३ क्रमांकाचा एक घटक बदलला की औषध निकामी होतं. हा बदल डावणी आणि भुरी दोन्हींत आढळलेला आहे. म्हणून हा गट लागोपाठ मारू नका. मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ लेबलवर पाहूनच ठरवा.

डीएनए तपासणी प्रत्येकाने करायची का? डावणी-भुरीसाठी गरज नाही. कांद्याच्या करप्यात मात्र डोळा फसतो : जांभळा, तपकिरी आणि काळा करपा एकाच पातीवर मिसळलेले दिसतात. शिवाय काळ्या करप्याची कोलेटोट्रायकम ही एकच बुरशी नाही. २०१२ मध्ये अनेक जनुकं ताडून कोलेटोट्रायकमच्या ग्लिओस्पोरिऑइड्स या एका नावाखाली २२ प्रजाती असल्याचं मांडलं गेलं. बुरशी ओळखायला सर्वसाधारणपणे वापरतात तो आयटीएस हा डीएनएचा तुकडा इथे पुरेसा पडत नाही, म्हणून प्रयोगशाळेत एकाहून जास्त जनुकं तपासायला सांगा. फवारणीनंतरही पातीचा पीळ (पात वळणं) आणि करपा वाढत असेल तरच हा खर्च करा.

नमुना पाठवताना सडलेली पात नको. डागाची कड आणि तिला लागून हिरवा भाग असलेल्या ताज्या पाती घ्या, कोरड्या कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या भरू नका. शेवटची फवारणी कोणत्या औषधाची, कधी झाली, हे चिठ्ठीवर लिहा आणि त्याच दिवशी पोहोचवा.