खानापुरात मराठी शाळेतून शिकून आता बीएस्सी करतेय, घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बायोमेडिकलमध्ये पीएचडीची तयारी कशी करू?

मार्क हवेतच, पण आधी हाताला लॅबची सवय लावा. दुसऱ्या वर्षापासून देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांच्या समर रिसर्च फेलोशिपला अर्ज करा: दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, वर विद्यावेतन. अर्जात विषय का आवडतो ते स्वतःच लिहा. उचललेलं लगेच कळतं. आणि पुणे-बेंगळुरूच कशाला? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे. प्रोजेक्टसाठी तिथं सरळ ईमेल टाका, उत्तर नाही आलं तर पुन्हा टाका. इंग्रजीचा बाऊ नको. रोज एका शोधनिबंधाचा सारांश वाचा, पुरे. घरचे पैशाचं विचारणारच (लग्नाचंही!). नेट-जेआरएफ (संशोधन फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा) निघाली की पीएचडीची पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात, हे त्यांच्या कानावर आत्ताच घाला.