तबकड्या जतन कराव्यात, की मोबाईलवरच ऐकावे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. चारही कोकणातूनच आली आहेत, त्यामुळे इथल्या हवेचा विचार उत्तरांत ओघाने येईल.

प्रश्न : माझे वडील गिरगावात नोकरीला असताना गाण्याच्या तबकड्या जमवीत असत. निवृत्त होऊन ते गावी परतले, तेव्हा दोन ट्रंका भरून तबकड्या सोबत आल्या. त्यांच्या पश्चात त्या माळ्यावर पडून आहेत. काही लहान, जाड आणि जड आहेत, तर काही मोठ्या आणि पातळ. पुण्यात राहणारा माझा मुलगा म्हणतो, की यातले सगळे आता मोबाईलवर मिळते, उगाच जागा अडवू नका. त्या ठेवाव्यात, की कुणाला देऊन टाकाव्यात?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : आधी त्या तबकड्या माळ्यावरून खाली आणाव्यात, ठेवायच्या की द्यायच्या, हे नंतर ठरवले तरी चालेल. चैत्र-वैशाखात कौलांखालची हवा इतकी तापते, की एकावर एक आडव्या रचलेल्या पातळ तबकड्या वरच्या भाराने वाकतात, आणि एकदा वाकलेली तबकडी सहसा पूर्ववत होत नाही. घराच्या आतल्या भागात, पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीपासून दूर असलेल्या लाकडी कपाटात त्या उभ्या आणि एकमेकींना किंचित आधार देतील अशा ठेवाव्यात.

आपण केलेल्या वर्णनावरून या तबकड्या दोन वेगळ्या काळांतील दिसतात. लहान आणि जड आहेत त्या बहुधा मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या असाव्यात. त्या लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून घडवीत आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मोठ्या आणि पातळ आहेत त्या व्हिनाइलच्या, म्हणजे १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने बाजारात आणलेल्या लाँग प्लेइंग प्रकारातल्या. त्या मिनिटाला ३३ १/३ फेरे घेतात आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजतात. या दोन्ही प्रकारांना एकच उत्तर लागू पडत नाही.

लाँग प्लेइंग तबकड्यांबद्दल आपल्या मुलाचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. गाजलेल्या चित्रपटांची गाणी, प्रसिद्ध गायक-वादकांचे राग आणि लोकप्रिय भावगीते यांतला मोठा भाग आज डिजिटल स्वरूपात सहज ऐकता येतो. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबद्दल मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. नाट्यपदे, भजने, कीर्तनाचे तुकडे, पोवाडे आणि विनोदी संवाद असे कितीतरी मराठी साहित्य त्या तबकड्यांवर निघाले आणि पुढे ना लाँग प्लेइंगवर आले ना कॅसेटवर. ते ज्या घरांत टिकले त्या घरांतच आहे, आणि आपले घर कदाचित त्यांपैकी एक असेल.

जे डिजिटल रूपात मिळते तेही पारखून घ्यावे लागते. विजेच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण १९२५ पासून होऊ लागले; त्याआधीच्या यांत्रिक ध्वनिमुद्रणांत फेऱ्यांची गती सर्वत्र सारखी नव्हती. मुळात ७४ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झालेली तबकडी कुणी ७८ वर फिरवून संगणकात उतरवली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पेटीच्या काळी एक या पट्टीत गाणारा गायक मग तिच्या पुढच्या पांढरी दोन पट्टीत गातो आहे असे वाटते, त्याची तान मुळापेक्षा जलद भासते आणि नवा विद्यार्थी त्यालाच प्रमाण मानून बसतो. दुसरी हानी खरखर काढण्याच्या अतिउत्साहातून होते. सॉफ्टवेअरने खरखर पुसताना तंबोऱ्याची आस म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तबल्याच्या चाटेवरची म्हणजे कडेवरची टोकदार थाप आणि शब्दांतल्या ‘स’, ‘श’ची धारही पुसली जाते. ऐकायला ते स्वच्छ असते, पण गायकाने जे गायले त्यातले काही त्यात उरलेले नसते. मूळ तबकडी हाती असेल तर हे सारे पुन्हा, अधिक काळजीने उतरवता येते; ती भंगारात गेली, की हाती आलेली सदोष प्रतच शेवटची ठरते.

म्हणून माझा सल्ला असा, की ७८ फेऱ्यांच्या सर्व तबकड्या ठेवाव्यात आणि त्यांचे डिजिटल रूपांतर करून घ्यावे. दोन्हींचा उपयोग वेगळा आहे : मूळ वस्तू पुराव्यासाठी, तर डिजिटल प्रत रोजच्या ऐकण्यासाठी. रूपांतर करताना २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाची, खरखर न काढलेली वेव्ह फाइल ठेवावी. तासाभराच्या स्टिरिओ ध्वनीला सुमारे दोन जीबी जागा लागते, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ती काहीच नाही. साफ केलेली प्रत वेगळी करावी. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांचे छायाचित्र घ्यावे आणि लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांकही लिहून ठेवावा, कारण ध्वनिमुद्रण केव्हाचे आहे याचा माग बहुतेक वेळा त्या क्रमांकावरूनच लागतो. एक प्रत आपल्याकडे आणि एक पुण्यास मुलाकडे असू द्यावी, म्हणजे तोही या कामात आपसूक सामील होईल.

इतके करणे शक्य नसेल तर तबकड्या एखाद्या जाणत्या संग्राहकाकडे सोपवाव्यात. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या तबकड्यांच्या अभ्यासकांची संस्था आहे. अशा मंडळींचा सल्ला आधी घ्यावा. वजनावर मात्र त्या कधीही विकू नयेत.

प्रश्न : मी रत्नागिरीत नोकरी करते. व्हिनाइल तबकड्यांचे पुन्हा आकर्षण निर्माण झाल्याचे वाचते आणि त्यांचा ध्वनी डिजिटलपेक्षा सरस असतो असेही ऐकते. नव्याने संग्रह सुरू करणे खर्चाच्या मानाने योग्य ठरेल का? गाणे शिकत नाही, पण मनापासून ऐकते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ध्वनी सरस मिळेल एवढ्याच अपेक्षेने आपण हा खर्च करणार असाल, तर करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत जे अंतर सामावते, ते सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सुमारे ९६ डेसिबल असते. व्हिनाइलमध्ये ते साधारण ६० ते ७० च्या दरम्यान राहते. शिवाय तबकडी एकाच गतीने फिरत असली, तरी सुई कडेवर असताना तिच्याखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ पोहोचेपर्यंत हे प्रमाण वीस-एकवीसवर येते. त्यामुळे बाजूच्या शेवटी तारस्वर थोडे फाटतात. द्रुत बंदिश किंवा वादनातला शेवटचा जलद ‘झाला’ नेमका तिथेच येतो, हे शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला जाणवल्याशिवाय राहत नाही. त्यात आज बाजारात येणाऱ्या बहुसंख्य नव्या तबकड्या डिजिटल मूळप्रतीवरूनच कोरल्या जातात. जे गाणे आपण मोबाईलवर ऐकू शकता तेच अधिक पैसे देऊन अधिक नाजूक वस्तूवर घेण्यात मला लाभ दिसत नाही.

मग जुन्या तबकडीचा आवाज अधिक सुखद का वाटतो? त्याचे श्रेय पुष्कळदा व्हिनाइलला नसून ध्वनिमुद्रणानंतरच्या संस्करणाला असते. जुनी ध्वनिमुद्रणे नव्याने प्रसिद्ध करताना सारा आवाज एकाच उंचीवर रेटण्याची सवय मध्यंतरीच्या काळात फार बोकाळली, आणि त्यात हळुवार जागा मोठ्या आवाजात गाडल्या गेल्या. साठ-सत्तरच्या दशकातल्या भारतीय छपाईच्या तबकडीत त्या जागा शाबूत असतात. याच कारणाने मी आपल्याला नव्या छपाईऐवजी, आपल्या आवडीच्या चार-सहा कलावंतांच्या जुन्या, सुस्थितीतल्या तबकड्या शोधण्यास सुचवेन. मुंबईला गेल्यावर चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटसारख्या ठिकाणी त्या मिळतात. घेण्यापूर्वी त्या उजेडात तिरप्या धरून ओरखडे पाहावेत आणि पाकिटावरचे नाव व आतल्या लेबलवरचे नाव जुळते का, तेही तपासावे.

संग्रहाच्या बाजूने मला मनापासून पटणारी कारणे आणखी दोन आहेत. पहिले, ऐकण्याची शिस्त. वीस मिनिटांची एक बाजू लावली, की विलंबित ख्यालाची बढत मधेच न तोडता ऐकली जाते; मोबाईलवर तेवढ्या वेळात तीन संदेश येऊन जातात. दुसरे, मालकी. मासिक शुल्क भरून ऐकतो ते संगीत आपले नसते, आणि कंपन्यांमधला करार संपला, की एखादे ध्वनिमुद्रण यादीतून नाहीसे होऊ शकते. खाचेत कोरलेला आवाज वाचायला मात्र फारसे काही लागत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचे संगीत पाठवले, ते सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, सोबत सुई देऊन. गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी त्या तबकडीवर आहे, याचा कोकणपट्टीतल्या प्रत्येक श्रोत्याला अभिमान वाटावा.

यंत्र घेताना सूटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेयर टाळावेत. त्यांची सुई तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते. चांगल्या यंत्रात तो दीड ते तीन ग्रॅम इतका जुळवता येतो. चांगल्या यंत्राचा खर्च झेपत नसेल, तर सध्या संग्रह सुरू न करता तेच पैसे चांगल्या हेडफोनवर आणि दर्जेदार डिजिटल सेवेवर खर्च करावेत. आपण मनापासून ऐकता असे लिहिले आहे, त्यामुळे त्याचा लाभ आपल्याला आजपासूनच मिळेल.

प्रश्न : दर पावसाळ्यानंतर आमच्या तबकड्यांवर पांढरी बुरशी दिसते. कपाटात छोटा दिवा लावून ठेवण्याचा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दिवा लावू नये. दिव्याजवळच्या तबकड्यांना एकाच बाजूने उष्णता लागते आणि त्या वाकण्याचा धोका राहतो. बुरशीचे खाद्य मुख्यतः पुठ्ठ्याचे पाकीट, कागदी लेबल, धूळ आणि बोटांचे तेल हे असते. म्हणून तबकडी कडेला आणि लेबलला धरूनच हाताळावी, आतली जुनी कागदी पाकिटे काढून पॉलिथिनची घालावीत, आणि कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या कराव्यात. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखावी असे म्हणतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ते यंत्राविना अशक्य आहे, परंतु बंद कपाटापुरते बऱ्याच प्रमाणात साधता येते. लोखंडी कपाट खाऱ्या हवेत गंजते आणि तो गंज पाकिटांवर उतरतो, त्यामुळे लाकडीच बरे.

आलेली बुरशी नाकातोंडावर फडके बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडावी. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून, लेबल कोरडे ठेवून, खाचांच्या दिशेने पुसावे. साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून सावलीत लगेच वाळवावे. स्पिरिट किंवा कोणतेही अल्कोहोल लाखेच्या तबकडीला लावू नये, कारण लाख त्यात विरघळते.

प्रश्न : आजोबांचा चावीचा ग्रामोफोन चालू स्थितीत आहे. त्यावर नव्या मोठ्या तबकड्या वाजवल्या तर चालेल का? पिना संपत आल्याने एकच पीन बरेच दिवस वापरतो.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत. त्या यंत्राची पोलादी पीन आणि ध्वनिपेटीचा भार व्हिनाइलची बारीक खाच पहिल्याच खेपेला खरवडून काढतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीतली दगडाची पूड पीन झिजवते, म्हणून ती पीन एका बाजूपुरतीच वापरायची असते. झिजलेले टोक पुढच्या तबकडीच्या खाचा कापते. पोलादी पिना आजही नव्या तयार होतात आणि डबीच्या डबी मागवता येते. ती हाती येईपर्यंत यंत्राची चावी पूर्ण उतरवून ठेवावी, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहणार नाही.