पूल स्पर्धेसाठी शरीराची आणि मनाची तयारी कशी करावी?

नाइन-बॉलची (नऊ बॉलनी खेळल्या जाणाऱ्या पूलची) पहिलीच स्पर्धा, हातात तीन आठवडे, आणि सरावात सहज जाणारे बॉल कोणी बघायला उभं राहिलं की चुकतात, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून आधी हाताच्या थरथरीबद्दल बोलतो.

ती सगळ्यांना होते. बीटा-ब्लॉकर ही हृदयाचे ठोके मंदावणारी आणि हाताचा कंप कमी करणारी औषधं 'वाडा'च्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीनुसार बिलियर्ड्सच्या सगळ्या प्रकारांत स्पर्धेदरम्यान निषिद्ध आहेत. इतका फरक ठोक्यांमुळे पडतो. त्यामुळे भरभर धडधडणाऱ्या छातीनिशी खेळायची सवयच लावून घ्यायला हवी. सरावात दोन-तीन मजले जिने चढून या आणि धाप लागलेली असतानाच रॅक, म्हणजे रचलेले बॉल, फोडा. दडपणाखाली क्यूवरची (खेळायच्या काठीवरची) पकड नकळत आवळली जाते, फटका जोरात बसतो आणि पांढरा बॉल हव्या त्या जागेच्या पुढे निघून जातो. वाकण्याआधी एक लांब श्वास सोडा आणि मागचा हात सैल आहे ना ते बघा. शॉट कुठला आणि पांढरा बॉल कुठे थांबवायचा, हे उभं असतानाच ठरवा. वाकल्यावर विचार बदलला तर सरळ उठा, पुन्हा सुरुवात करा. सोप्या बॉललाही हाच क्रम, कारण सामने बहुतेक सोप्या बॉलवरच जातात.

याहून अवघड असतं खुर्चीत बसणं. समोरचा एकामागून एक रॅक, म्हणजे डाव, काढत असतो आणि तुम्ही गार पडत जाता. याचाही सराव होतो, पण करतं कोण! बॉल चुकला की पाच-दहा मिनिटं खरंच बसून राहा, मग उठून पहिलाच शॉट अवघड लावा.

शरीराचं म्हणाल तर पाय, कंबर आणि मान. दिवसभर टेबलाभोवती चालणं आणि शेकडो वेळा वाकणं होतं. रोज चालायला जा, मांडीच्या मागचे स्नायू ताणा, स्पर्धेतलेच बूट घालून सराव करा. चष्मा असेल तर वाकल्यावर फ्रेमची वरची कड नजरेच्या आड येते का, ते आजच तपासा. पोट जड होईल असं खाऊ नका आणि चहा-कॉफी नेहमीइतकीच ठेवा.

शेवटच्या आठवड्यात टिप (क्यूच्या टोकाचं चामडं), क्यू, स्टान्स (उभं राहायची पद्धत) काहीही बदलू नका. त्याऐवजी सेफ्टी, म्हणजे समोरच्याला फाउलच्या अडचणीत टाकणारा बचावाचा फटका, घोटा. नाइन-बॉलमध्ये लागोपाठ तीन फाउल झाले की रॅक जातो, आणि नवखे खेळाडू हे विसरतात.

स्पर्धेच्या दिवशी लवकर पोहोचा. नव्या कापडावर बॉल जास्त घसरतो, दमट हवेत टेबल संथ होतं. लॅगचे फटके (बॉल पलीकडच्या कडेला आपटून परत आपल्या कडेजवळ थांबवायचा) मारून वेग जोखा. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, कोणाचा हेही लॅगवरच ठरतं. शॉट क्लॉक (प्रत्येक शॉटला वेळेची मर्यादा) आहे का आणि स्पर्धा दुहेरी बाद पद्धतीची आहे का, हे आयोजकांना आधीच विचारा. तशी असेल तर पहिला सामना हरल्यावरही तुम्ही स्पर्धेत असता, मात्र पुढच्या सामन्यासाठी कित्येक तास थांबावं लागू शकतं. त्या वेळेसाठी पाणी, थोडं खाणं आणि अंगात घालायला काहीतरी उबदार बरोबर ठेवा.