गीझरची टाकी, ‘बोअरचं पाणी’ आणि तो ओटीपी

‘दीड वर्षाचा १५ लिटरचा गीझर खालून ठिबकतोय, सर्व्हिसवाला म्हणतो टाकी गेली, पण बोअरचं पाणी आहे म्हणून वॉरंटीत बसत नाही.’ तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या वाघोलीच्या घरातलं अख्खं रामायण आठवलं. वाक्य न् वाक्य तेच. या लोकांकडून हे पाठ करून घेतात की काय, देव जाणे.

आधी सांगतो, मी इलेक्ट्रिशियन नाही आणि वकील तर मुळीच नाही. आमच्याकडे टँकर आणि बोअर असं मिश्र पाणी येतं, त्यात दोन गीझर वापरतोय, एवढाच माझा अधिकार.

बटण बंद, पाणी बंद हे तुम्ही केलंच असेल. पाणी नेमकं कुठून येतंय हेही बघितलं असेल असं धरतो. जोडनळीच्या आट्यातून येत असेल तर टेफ्लॉन टेपचं काम. कॉइल जिथे बसते तिथल्या रबरी गॅस्केटमधून येत असेल तर तेही किरकोळ. बाहेरचं कव्हर आतून ओलं आणि गंजाचे तांबूस ओघळ दिसत असतील तरच टाकी. कव्हर उघडून हे दाखवल्याशिवाय ‘टाकी गेली’ मान्य करू नका. आमच्याकडे आलेल्या पहिल्या माणसाने मोबाइलचा टॉर्च खालून मारला आणि निकाल दिला.

आता मुद्द्याचं. आम्हाला सगळ्यात महाग पडला तो ओटीपी.

हा माणूस आला तेव्हा मी ऑफिसात होतो. बायकोला म्हणाला, ‘मॅडम, एक ओटीपी आला असेल तो सांगा, नाहीतर माझी व्हिजिट लागत नाही.’ कोणीही सांगेल. संध्याकाळी मेसेज आला : आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. तेव्हा गीझरखाली ठेवलेली बादली निम्मी भरली होती. फोन केला तर, ‘सर, सिस्टममध्ये कंप्लेंट क्लोज दाखवतंय, नवीन लॉग करू का?’ नवीन लॉग केली. आमच्या टाकीची वॉरंटी पाच वर्षांची होती आणि पाचव्या वर्षाचे शेवटचे दिवस चालू होते. नवीन तक्रारीवर माणूस येईपर्यंत मुदत संपली. आल्यावर त्याने आधीची नोंद वाचून दाखवली : गळती नाही, ग्राहक समाधानी. वर व्हिजिट चार्ज मागितला!

मग सुरू झाला तो टोलवाटोलवीचा खेळ. सर्व्हिस सेंटर म्हणे आम्ही फक्त फ्रँचायझी, निर्णय कंपनीचा. कंपनीचं कॉल सेंटर म्हणे टेक्निशियनचा रिपोर्ट फायनल. रिपोर्टची प्रत मागितली तर म्हणे तसा ऑप्शनच नाही. काउंटरवरची बाई बिचारी वाईट नव्हती, पण तिच्या हातात काही नव्हतं आणि ज्याच्या हातात होतं तो ‘साहेब’ कायम फील्डवर!

म्हणून माझं ठाम मत : नकाराचं कारण जॉब शीटवर (टेक्निशियन कामाची नोंद करतो तो कागद) लिहून, सही करून मिळाल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही. ‘बोअरचं पाणी’ म्हणताय ना, तेच लिहा, पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, किती आला तोही लिहा. लिहायला सांगितलं की निम्म्या लोकांचा आवाज बदलतो. तो पोरगा कुरकुर करेल, त्याचे पैसे खरंच अडकत असतील. त्याला चहा पाजा, ओटीपी देऊ नका.

दुसरं, वॉरंटी कार्ड स्वतः वाचा, भिंग घेऊन वाचा. आमच्या कार्डात क्षारांची अट होती, पण ती कॉइलच्या परिच्छेदात. कॉइलवर क्षार चढून ती जळाली तर कंपनी जबाबदार नाही, एवढंच. टाकीच्या परिच्छेदात पाण्याचा शब्दही नव्हता. दोन्ही माणसांनी कॉइलची अट टाकीला चिकटवली होती. तुमचं कार्ड वेगळं असू शकतं. काहींमध्ये अ‍ॅनोड रॉड वेळोवेळी बदलण्याची अट असते, ती पाळली नसेल तर भांडण अवघड जाईल. हा मॅग्नेशियमचा दांडा टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजतो. जास्त क्षारांच्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे तो लवकर संपतो आणि मग गंज टाकीकडे वळतो. म्हणजे बोअरच्या पाण्याचा संबंध अगदीच नाही असं नाही, पण दांडा तपासा हे गीझर विकताना आम्हाला कोणी सांगितलं होतं?

तुम्हाला ‘प्रेशर जास्त आहे’ हेही ऐकवतील. गीझरच्या पट्टीवर किती बारपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, आमच्यावर ८ बार होतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. म्हणजे अकरा मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी धरली तरी तळमजल्यावर साडेतीन बारच्या आसपास. सोसायटीने प्रेशर पंप बसवला असेल तर मात्र आधी तो दाब मोजून घ्या, उगाच माझ्या भरवशावर भांडू नका.

आमचं शेवटी मिटलं ते १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनमुळे. पहिल्या तक्रारीचा क्रमांक, त्याच दिवशी काढलेला ठिबकणाऱ्या टाकीचा व्हिडिओ, बिल आणि कार्डातला तो परिच्छेद, एवढं जोडलं. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात. पण फ्रँचायझीच्या डोक्यावरून ती गेली आणि अचानक फील्डवरचे साहेब सापडले. ‘खास बाब म्हणून’ टाकी बदलून दिली. खास बाब कसली, हक्काची टाकी होती. तीही ऐन एप्रिलमध्ये, जेव्हा वाघोलीत नळालाच गरम पाणी येतं.

नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. १५ लिटरच्या गीझरसाठी इतकं करावं का, हा प्रश्न रास्त आहे. मी बहुधा केलं नसतं.

काही सुटे मुद्दे. टाकी वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला हाकला. आतून काचेचं अस्तर असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने तेच जातं आणि शेजारून नवी गळती सुरू होते. एम-सीलने चार दिवस जातील, बस. थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर ठेवा. पाणी जितकं तापवाल तितके क्षार जास्त बसतात, आणि नाहीतरी आपण त्यात गार पाणी मिसळूनच अंघोळ करतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर गीझर बाजूला राहू द्या, आधी तो बसवा.

हे टाइप करून तुमचा दुसरा फोटो पुन्हा मोठा करून बघितला. गार पाण्याच्या नळीवर जो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, त्याच्या तोटीला कोणीतरी एम-सील लावलेलं दिसतंय. ठिबकतं म्हणून प्लंबरने बंद केलं असणार. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर गेलं की ते सुमारे २०० मिलिलिटरने फुगतं. गीझर तापताना त्या तोटीतून थोडं ठिबकणं म्हणूनच ठीक असतं, ती वाट बुजवली तर दाब टाकीवर येतो. तो व्हॉल्व्ह बदलेपर्यंत गीझर अजिबात लावू नका. आणि कंपनीचा माणूस यायच्या आधी बदला म्हणावं तर पुरावा पुसल्यासारखं होईल, म्हणून आत्ताच्या स्थितीचे फोटो काढून ठेवा. हे एम-सील त्यांच्याच माणसाने लावलं असेल तर तेही जॉब शीटवर आलं पाहिजे.